पाठमोरा प्रेक्षक

क्रीडाप्रेमी ही आपल्या देशातील अशी एक पदवी आहे की, जी संपादन करण्यास कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही, आणि जी एकदा स्वतःच स्वतःस बहाल केल्यावर मृत्यूपर्यंत, किंबहुना चौकातील श्रद्धांजलीच्या फलकापर्यंत, कोणी हिरावून घेऊ शकत नाही. या पदवीधरांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग मैदानावर जाऊन सामना पाहणाऱ्यांचा. दुसरा, घरी दूरदर्शन संचापुढे आडवे पडून कर्णधारास क्षेत्ररचनेविषयी उपदेश करणाऱ्यांचा. आणि तिसरा, सामना मुळीच न पाहता दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राच्या आधारे तो पहिल्या दोन्ही वर्गांस समजावून सांगणाऱ्यांचा. याखेरीज चौथाही एक वर्ग होता. परंतु त्याची सभासदसंख्या, माझ्या माहितीप्रमाणे, अवघी एक होती, आणि तो एकमेव सभासद गेल्या पावसाळ्यात बोईसर मुक्कामी वयाच्या पंचाहत्तरीत कालवश झाल्यामुळे तो वर्गही आता बरखास्त झाल्यात जमा आहे. उभे आयुष्य खेळाकडे पाठ करून बसलेला निस्सीम क्रीडाभक्त, असे त्या वर्गाचे वर्णन करावे लागेल.

आमची सारी सोसायटी त्यांना मामा म्हणे. बेस्टच्या दफ्तरी त्यांना नाव होते, बिल्ला क्रमांक होता आणि पस्तीस-छत्तीस वर्षांच्या हजेरीची नोंद होती. परंतु बोईसरला आल्यावर ह्या तिन्ही गोष्टी गळून पडल्या आणि केवळ मामा तेवढे उरले. मूळचे ते चिंचणी-तारापूरकडचे. समुद्रकिनाऱ्याच्या ओल्या वाळूत हुतूतू खेळण्यात त्यांचे बालपण गेले, आणि एका दमात प्रतिपक्षाच्या अंगणात शिरून सुखरूप परत येण्याची जी विद्या तेथे त्यांनी हस्तगत केली तिच्याच बळावर पुढे आपण भेंडीबाजारातून गाडी काढू शकलो, असे ते गंभीरपणे सांगत. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत् केंद्र सुरू झाले आणि देशोदेशीचे तज्ज्ञ वीज निर्माण करण्याच्या कामी ह्या किनाऱ्यावर लोटले. नेमक्या त्याच सुमारास मामा हा किनारा सोडून मुंबईस गेले आणि विजेच्याच उपक्रमात, परंतु त्याच्या मोटारगाड्यांच्या शाखेत, १९७१ साली चाकरीस लागले. गावातली वीज सोडून परगावच्या विजेमागे धावणारा हा पहिलाच मनुष्य, असे त्यांचे वडील म्हणत असत म्हणे.

१९७१ हे साल क्रीडाप्रेमी मनुष्याने सरकारी अगर निमसरकारी चाकरीस लागण्याच्या दृष्टीने अत्यंत गैरसोयीचे होते. त्या वर्षाच्या आरंभी सुनील गावसकर नावाच्या कोवळ्या तरुणाने वेस्ट इंडीजमध्ये जाऊन एकाच मालिकेत ७७४ धावा काढल्या होत्या, आणि २४ ऑगस्ट रोजी, ऐन गणेशचतुर्थीच्या दिवशी, अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला त्याच्याच घरी पराभूत केले होते. विजयी संघ मुंबईस परतला तेव्हा विमानतळापासून त्याची उघड्या मोटारींतून मिरवणूक निघाली आणि रस्त्यांच्या दुतर्फा अशी काही गर्दी लोटली की बसगाड्या जेथल्या तेथे उभ्या राहिल्या. त्यांतील एका गाडीच्या चाकावर आमचे मामा होते. नोकरीस रुजू होऊन फार दिवस झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी फेरीस झालेल्या विलंबाबद्दल त्यांच्याकडे लेखी खुलासा मागविण्यात आला, आणि मामांनी तो शिरस्त्याप्रमाणे एकाच वाक्यात सादर केला: ‘मार्गावर अजित वाडेकर असल्याकारणाने गाडीस विलंब झाला, यात अर्जदाराचा कसूर नाही.’ हा खुलासा मंजूर झाला की दप्तरात दाखल होऊन राहिला, याविषयी मामा सोयीस्कर मौन पाळीत. मात्र कोणत्याही खेळाडूला समोरासमोर पाहण्याचा त्यांच्या सेवाकाळातील तो पहिला आणि शेवटचा प्रसंग. त्यानंतर खेळ नेहमी त्यांच्या पाठीमागे राहिला.

पाठीमागे, हे अक्षरशः खरे आहे. ज्या काळात खिशात मावणारा ट्रान्झिस्टर ही प्रतिष्ठेची वस्तू होती त्या काळात कसोटी सामन्याच्या दिवशी बसमधील किमान एका उतारूच्या कानास तो लावलेला असे, आणि बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन गाडीच्या मागच्या बाकापासून उतारूंच्या तोंडून पुढे सरकत सरकत, प्रत्येक बाकावर थोडीफार भर पडत, चालकाच्या केबिनपर्यंत येऊन पोचे. मामांना मान वळविण्याची मुभा नव्हती. त्यातच ‘चालकाशी बोलू नये’ अशी ताकीद ठळक अक्षरांत त्यांच्या डोक्यावरच लिहिलेली. परंतु नियमाचा अर्थ लावण्याच्या कामी मामा कोणत्याही वकिलास हार गेले नसते. बोलू नये याचा अर्थ वाजवू नये असा होत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. आणि तदनुसार त्यांनी व त्यांच्या कंडक्टरने एक तह केला होता. घंटीच्या दोरीला हात लावावयाचा नाही, कारण एक घंटी थांबण्याची आणि दोन घंट्या निघण्याच्या, ही भाषा पवित्र. मात्र तिकिटाला भोक पाडावयाचा जो लोखंडी पंच कंडक्टरच्या हातात सदैव कटकटत असे, त्याने केबिनमागील दांड्यावर एक टोला म्हणजे चौकार, दोन टोले म्हणजे आपला गडी बाद, आणि लागोपाठ टोले म्हणजे षटकार अगर शतक. त्यांतले नेमके कोणते, ते मामांनी प्रसंग पाहून ठरवावयाचे.

ही व्यवस्था वर्षानुवर्षे चालली, यावरून तिची उपयुक्तता सिद्ध होते. एकदाच काय तो घोटाळा झाला. ताडदेवकडे राहणाऱ्या एका वृद्ध पारशी गृहस्थांनी उतरावयाच्या घाईने आपली काठी त्याच दांड्यावर सहा वेळा आपटली, आणि मामांच्या हिशेबी भारताचे तीन गडी पटापट तंबूत परतले. पुढचे तीन थांबे मामांनी अशा सुतकी चेहऱ्याने घेतले की, चढणाऱ्या उतारूंपैकी एका बाईंनी त्यांच्या घरी कोणी आजारी आहे काय, अशी कळकळीने चौकशी केली.

मामांचा दीर्घकाळचा मार्ग म्हणजे १२३ क्रमांकाचा; कुलाब्याच्या आर. सी. चर्चपासून मरीन ड्राइव्हवरून ताडदेवपर्यंत. क्रीडाप्रेमी चालकाच्या संयमाची याहून क्रूर परीक्षा कोणी घेऊ म्हटले तरी घेता आली नसती. डाव्या हातास अरबी समुद्र, उजव्या हातास वानखेडे स्टेडियम, समोर सिग्नल, आणि आतून उसळणारा असा एक प्रचंड कल्लोळ की ज्याचे कारण ठाऊक नाही! कल्लोळाच्या उंचीवरून तो चौकाराचा की बळीचा, आणि बळी असल्यास आपला की त्यांचा, हे ओळखण्याचे शास्त्र मामांनी स्वतःच्या अनुभवाने सिद्ध केले होते. आपला गडी बाद झाला म्हणजे आवाज येत नाही. येतो तो आवाज बंद पडल्याचा आवाज, असे ते म्हणत. मात्र १० जानेवारी १९८५ रोजी ह्याच मैदानावर रवी शास्त्रीने बडोद्याच्या तिलक राजच्या एका षटकात सहा षटकार ठोकले, त्या प्रसंगी ह्या शास्त्राने त्यांना दगा दिला. रणजी सामना; प्रेक्षक तुरळक; कल्लोळ होणार कोठून? आज मुंबईत पन्नाशी-साठी उलटलेला जो जो इसम भेटतो तो तो त्या दिवशी आपण वानखेडेवर हजर होतो असे शपथेवर सांगतो, आणि त्या सर्वांच्या जबान्या खऱ्या मानल्या तर स्टेडियमची गर्दी चर्चगेट स्टेशनापर्यंत पोचली असली पाहिजे. ‘मी त्या दिवशी बाहेरून गेलो आणि मला काहीच ऐकू आलं नाही,’ असे प्रांजळपणे सांगणारा मनुष्य मला उभ्या आयुष्यात एकच भेटला, आणि ते मामा होत.

खेळाडूंची पारख ते आपल्या धंद्याच्या मोजपट्टीने करीत. एकनाथ सोलकर फलंदाजाच्या अंगास खेटून उभा राही, तेव्हा दोन गाड्यांत अंतर ठेवण्याचा नियम त्याने मोडला असे म्हणून ते वर ‘पण ब्रेक पक्के होते पोराचे’ अशी पुस्ती जोडीत. श्रीकांत घंटी होण्यापूर्वीच गाडी सोडतो, हे त्यांना पसंत नव्हते. आणि गावसकर तर त्यांचे आराध्य दैवत. इतके, की १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडच्या ३३४ धावांना उत्तर देताना गावसकरने साठही षटके खेळून नाबाद ३६ धावा काढल्या, तेव्हा साऱ्या हिंदुस्थानाने कपाळावर हात मारला असता मामांनी एकट्याने त्या डावाचे वकीलपत्र घेतले. त्यांचा युक्तिवाद असा: पुढे रस्ता बंद आहे हे ज्यास दिसते तो चालक ॲक्सिलरेटर दाबीत नाही, गाडी आणि उतारू शाबूत राखून ती डेपोत आणून लावतो. गावसकर नाबाद राहिला. म्हणजे गाडीला ओरखडासुद्धा नाही. ह्यावर प्रतिपक्षाने, ‘अहो मामा, पण उतारू वैतागून मध्येच उतरले त्याचं काय?’ असे विचारले असता ते शांतपणे म्हणत, ‘उतरले ते सुखरूप उतरले ना?’

सामन्याच्या दिवशी आजारी पडण्याची प्रथा आपल्या सर्व कचेऱ्यांत पूर्वापार चालत आली आहे. मामांनी मात्र महत्त्वाच्या सामन्याच्या दिवशी कधीही रजेचा अर्ज केला नाही, आणि याचे कारण कर्तव्यनिष्ठा हे नव्हते. अशा दिवशी मुंबईचे रस्ते ओस पडतात, सिग्नल हिरवे भासू लागतात, आणि वेळापत्रकात छापलेली वेळ ही केवळ कविकल्पना नसून प्रत्यक्षात साध्य होणारी गोष्ट आहे याचा चालकास साक्षात्कार होतो. २५ जून १९८३ च्या रात्री, लॉर्ड्सवर भारताच्या १८३ धावांचा पाठलाग करताना वेस्ट इंडीजचा संघ कोसळू लागला त्या घटकेस, मामा मरीन ड्राइव्हवरून रिकामी गाडी हाकीत होते. उतारू नाहीत, ट्रान्झिस्टर नाही, कंडक्टरही पंच मांडीवर ठेवून हताश बसलेला. गाडी शेवटच्या थांब्यावर वेळेआधीच येऊन उभी राहिली. आता वेळेपूर्वी परत निघणे हा उशिरा निघण्यापेक्षाही मोठा गुन्हा. तेव्हा इंजिन बंद करून मामा आपल्या आसनावर बसून राहिले. पलीकडे पानाच्या गादीपाशी एका छोट्या दूरदर्शन संचाभोवती पन्नासएक माणसे जमली होती. खाली उतरून चार पावले गेले असते तर जगज्जेतेपद त्यांना डोळ्यांनी दिसले असते. पण गाडी सोडावयाची नाही! त्यांनी फक्त त्या गर्दीच्या पाठी पाहिल्या. पाठी एकदम उसळल्या. १४० वर सारे बाद. ४३ धावांनी विजय. पाठीवरून निकाल सांगण्याची ही विद्या ज्याने आयुष्यभर स्वतः पाठीने सामने ऐकले त्यालाच साध्य होणार, यात नवल ते काय? मग घड्याळात वेळ झाली आणि मामांनी भारताच्या विजयानंतरची पहिली फेरी नियमाप्रमाणे सोडली.

२००७ च्या सुमारास सेवानिवृत्त होऊन मामा बोईसरला स्टेशनपासून जवळच घर घेऊन राहावयास आले. येथे त्यांची गाठ पडली पालघर आगारातून निवृत्त झालेल्या एका एस.टी. चालकाशी, आणि दोघांची जन्माची मैत्री जमली. म्हणजे ते दररोज सायंकाळी भांडू लागले. एस.टी.वाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे एशियाड. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांच्या सेवेस आपल्या महामंडळाच्या गाड्या गेल्या आणि त्यावरून त्या निमआराम गाडीस एशियाड हे नाव पडले. उलट बेस्टची गाडी कधी जकात नाका ओलांडून गेली काय, असा त्यांचा रोकडा सवाल असे. मामा क्षणभर विचार केल्यासारखे करीत आणि म्हणत, ‘त्याच खेळात हॉकीच्या फायनलला पाकिस्ताननं आपल्यावर सात गोल केले होते ना? तुम्ही आपल्या पोरांना वेळेवर पोचवलंत, म्हणून सात झाले. बेस्टची गाडी असती तर ट्रॅफिकमध्ये अर्धी मॅच निघाली असती. चारावर भागलं असतं.’

सेवानिवृत्तीनंतर मामांच्या वाट्यास ते सुख आले ज्याची त्यांनी सारा जन्म प्रतीक्षा केली होती: संपूर्ण सामना, प्रारंभापासून अखेरपर्यंत, भिंतीएवढ्या दूरदर्शन संचावर, समोर बसून. आणि येथेच ज्याची कोणी कल्पना केली नव्हती ते घडले. मामांना सामना समोरून पाहता येईना. डोळ्यांपुढे चेंडू येई, फलंदाज तो टोलवी, मग तोच टोला चार निरनिराळ्या बाजूंनी पुन्हा दाखवीत. मामांस घेरी आल्यासारखे होई. आठ दिवस त्यांनी तग धरला. नवव्या दिवशी त्यांनी खुर्ची उचलली, खिडकीशी नेली, संचाकडे पाठ केली आणि खाली रस्त्यावर चाललेल्या शेअर रिक्षांच्या रहदारीकडे दृष्टी लावून ते ताठ बसले. चेहऱ्यावर एकदम तजेला आला. तेव्हापासून अखेरपर्यंत मामांनी प्रत्येक सामना असाच ‘पाहिला’. डोळे रिक्षांवर, कान मागे. गोंगाट वाढला की ते मान न वळविता विचारीत, ‘काय गं, कोण गेलं?’ आणि स्वयंपाकघरातून मामी भाकरी थापता थापता परातीवर उलथन्याचे दोन टोले देत. पंचाची जागा उलथन्याने घेतली, एवढाच काय तो फरक.

मात्र स्थानिक मैदानी खेळांच्या बाबतीत ते असे पाठमोरे नव्हते. बोईसर-तारापूर परिसरात पावसाळा सरला की औद्योगिक वसाहतीच्या पाळ्या सांभाळून गावोगाव रात्रीचे कबड्डीचे सामने भरतात, आणि तेथे वेळाधिकारी म्हणून मामांना मानाचे बोलावणे असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा कोणी कलेक्टर कचेरीचा आनंद मानला, कोणी जमिनींच्या भावाचा. मामांनी आनंद मानला तो आपल्या जिल्ह्याचा आता स्वतःचा कबड्डी संघ निघणार याचा. वेळेच्या बाबतीत ते निष्ठुर होते. एका गावी सामन्यांचे उद्घाटन एका वजनदार पाहुण्यांच्या हस्ते आठ वाजता व्हावयाचे होते. आठास चुन्याच्या रेघा आखून तयार, दिवे लागलेले, नारळ ताटात, खेळाडू मांड्या चोळीत उभे. पाहुण्यांचा पत्ता नाही. आठ वाजून एक मिनिट झाल्याबरोबर मामांनी शिट्टी मारली. पहिला डाव संपला, मध्यंतर झाले, दुसऱ्या डावात एक लोन चढला, आणि तेव्हा कोठे चार मोटारींचा ताफा धूळ उडवीत येऊन थडकला. कार्यकर्ते धापा टाकीत मामांकडे धावले: खेळ थांबवा, साहेबांना नाणेफेक करावयाची आहे! मामांनी घड्याळावरील नजर न काढता उत्तर दिले, ‘गाडी सुटली. साहेबांना पुढच्या स्टॉपवर घ्या.’ आणि खरोखर, त्या मातबर गृहस्थांना दुसरा सामना सुरू होईपर्यंत हातात नाणे धरून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहावे लागले.

पालघरचा शार्दूल ठाकूर भारताकडून खेळू लागला त्या दिवसापासून मामांच्या आनंदास एक कडू किनार लागली. पोराचा त्यांना पराकाष्ठेचा अभिमान. शालेय क्रिकेटमध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत त्यानेही एका षटकात सहा षटकार मारले आहेत, हे मामा अनोळखी माणसासही अडवून सांगत. परंतु वर्तमानपत्रांनी त्याला ‘पालघर एक्सप्रेस’ म्हणावे, अवजड किट खांद्यावर टाकून तो पहाटेच्या आगगाडीने मुंबई कशी गाठीत असे याच्या सुरस कथा छापाव्यात, २०१८ साली दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर त्याने अंधेरीहून पालघरपर्यंतचा प्रवास लोकलनेच केला म्हणून रेल्वेचे पोवाडे गावेत, आणि बसचे मात्र कोणी नावही काढू नये, हा पक्षपात त्यांना खुपत असे. रेल्वे आणि रस्ता यांच्यातील हा जुना दावा अखेरीस निकाली निघाला तो ब्रिस्बेनला. जानेवारी २०२१, भारताचे सहा गडी १८६ धावांत बाद, आणि शार्दूल व वॉशिंग्टन सुंदर यांची ती सातव्या गड्यासाठीची भागीदारी. सामना आपल्याकडे भल्या पहाटे सुरू होई. मामा जणू पहिल्या पाळीसाठी उठावे तसे उठून, अंघोळ उरकून खिडकीशी बसलेले. शार्दूल ६७ धावा काढून बाद झाला आणि परातीवर दोन टोले पडले. मामांनी मागे न पाहता नातवाला विचारले, ‘पार्टनरशिप कितीची झाली रे?’ नातू म्हणाला, ‘एकशे तेवीस.’ त्या क्षणी, अनेक वर्षांत प्रथमच, मामांनी खुर्ची फिरवून पडद्याकडे तोंड केले आणि तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचून खात्री करून घेतली. त्या दिवसापासून रेल्वेविरुद्धची त्यांची फिर्याद त्यांनी विनाअट मागे घेतली. आगगाडीने गेला तरी पोरगा शेवटी आमच्याच रूटवर लागला, असे ते म्हणू लागले.

त्यांच्या अखेरच्या वर्षात ज्येष्ठ नागरिकांच्या एका बैठकीत कोणी तरी त्यांना सहानुभूतीच्या स्वरात छेडले. इतकी वर्षे वानखेडेच्या दारावरून गेलात, आत एवढे एवढे महारथी खेळून गेले, आणि तुम्ही एक चेंडूही पाहिला नाही. वाईट नाही का वाटत? प्रश्नकर्त्याची अपेक्षा अशी की मामा एक सुस्कारा टाकतील आणि मग सर्वांनी मिळून थोडा वेळ हळहळता येईल. मामांनी त्या गृहस्थाकडे एखाद्या सुटे पैसे नसलेल्या उतारूकडे पाहावे तसे पाहिले.

‘अहो साहेब,’ ते म्हणाले, ‘मीपण आत जाऊन बसलो असतो, तर सामना सुटल्यावर तुम्हां सगळ्यांना घरी कोण सोडणार होतं?’